खिळे न ठोकलेली पेटी

ला बोकिता
२ एप्रिल

चिरंजीव देल्मीस, बाबांचा आशीर्वाद.

तुझा गुडघा कसा आहे? कचेरीचे तीन जिने चढताना कटकन वाजतो म्हणाली होतीस. खोबरेल कोमट करून लाव, तसंच थंडगार चोळू नकोस. माझ्या नातीला, युनिसेला, पुढचा दात आला का? पडलेला तिने उशीखाली ठेवला होता की छपरावर फेकला, ते मला कुणी सांगितलंच नाही. घरमालकीणबाईंचा दमा? राजधानीत धूर फार, त्यांना सकाळी खिडकी उघडू देऊ नकोस. तुमच्या कचेरीतली हसरी रोसिबेल सुखरूप मोकळी झाली का? मुलगा की मुलगी? वकील अमिल्कारच्या पोटाचं मात्र मीच तुला सांगतो. परवा तो इथे आला होता. नारळाच्या रसातला मासा आणि कुटलेली केळी दोनदा मागून घेतली आणि संध्याकाळपर्यंत पोट धरून ओट्यावर बसला. ‘काका, तुमच्याकडचं जेवण म्हणजे हल्ला आहे,’ म्हणाला.

माझं तू विचारणार नाहीस, म्हणून आपणहून सांगतो. बरा आहे. डाव्या डोळ्यापुढे धुकं असतं, पण हात अजून सरळ चालतो. तुझ्या सिल्वेरिया आत्याचा घसा जानेवारीत बसला तो अजून नीट सुटलेला नाही.

पावाची टोपली घेऊन मोदेस्ता दर गुरुवारी राजधानीत येते, तिच्या हाती हे पत्र देतोय. फोन तू उचलत नाहीस. उचललास तरी तुझ्या फोनवर आणखी कुणाकुणाचे कान असतात, हे तूच मला शिकवलंस.

अमिल्कारने मला तो फोटो दाखवला. मी रंधा मारत होतो, तो तसाच हातात राहिला. फोटोत मी काळ्या सदऱ्यात उभा आहे, पुढ्यात पेटी. तुझ्या भावाच्या मापाची. अमिल्कारने खालचा मजकूर वाचून दाखवला, मी दोनदा वाचायला लावला. सरकारने वॉशिंग्टनच्या मानवाधिकार आयोगाला कळवलंय की, आर्सेनिओ नोरालेस यांच्या वडिलांनीच त्यांना मृत मानून नऊ रात्रींचं शोककार्य पार पाडलं, पेटी पुरली. सबब त्यांच्या जिवाला आता तातडीचा धोका असल्याचं म्हणता येत नाही, शोधाचा आदेश उठवावा.

केवढं स्वच्छ लिहिलंय. माझ्याच सदऱ्याने माझ्याच पोराचं तोंड दाबलं.

आदेश उठला की खाडीपलीकडच्या जुन्या केळीच्या वखारीची झडतीही गेली, हे मला कळतं. त्या सकाळी आर्सेनिओला घेऊन गेलेली गाडी त्याच वाटेने वळली होती. आयोगाच्या बैठकीत तू सरकारी माणसांसमोर बसून त्या झडतीचं वचन काढून घेतलंस. तीनदा त्यांनी तारीख पुढे ढकलली, आता त्यांना ढकलायचीही गरज उरली नाही. सहा मेच्या आत तुमच्या संस्थेने उत्तर द्यायचं आहे आणि उत्तरात लिहायला तुमच्याकडे काही नाही, असं अमिल्कार म्हणाला. तुझ्याबद्दल विचारलं तर चष्मा पुसत बसला.

पोरी, तुला राग आला आहे आणि तो रास्त आहे. पण मला स्वप्न पडलं होतं. आर्सेनिओ दाराशी उभा होता, नखशिखांत ओला. म्हणाला, ‘बाबा, तहान लागलीय.’ आपल्यात गेलेला माणूस असा येऊन मागतो तेव्हा त्याला अंघोळ घालावी लागते, जेवू घालावं लागतं, नऊ रात्री त्याच्यासाठी गावं लागतं. तहानलेल्याला मी कसा परत पाठवू? वॉशिंग्टनमधल्या साहेबांना आपल्या स्वप्नातलं काय कळणार, एवढा विचार माझ्या डोक्यात आला नाही.

त्याचा दात घासायचा ब्रश अजून खिडकीत आहे. तो हातात असतानाच त्याला ओढून नेलं, ब्रश अंगणात पडला. कुणी तो हलवला तर मी अंगावर जातो.

उत्तर पाठव.

तुझे बाबा,
तेओफिलो

९ एप्रिल

देल्मी,

मोदेस्ता रिकामी टोपली घेऊन परत आली, आणि हातही रिकामेच.

‘घेतलं हो पत्र,’ म्हणाली. ‘पिशवीत टाकलं. मी म्हटलं, अगं, म्हाताऱ्यासाठी काही निरोप? तर म्हणते, पाव किती उरलेत? म्हटलं, निम्मी टोपली. म्हणाली, सगळे दे. अहो दादा, एवढे नारळाचे पाव ती आणि ती चिमुरडी खाणार केव्हा?’

मला हसू आलं आणि मग ते भलतीकडेच वळलं. तुझ्या आईशी भांडण झालं की तूही असंच करायचीस. बोलायचं नाही, पण तिने केलेलं सगळं संपवायचं.

हे पत्र वाचून झालं की जाळून टाक. अमिल्कारलाही दाखवू नकोस.

मला स्वप्न पडलं नव्हतं.

हे वाक्य लिहून मी बाहेर जाऊन आलो. कोंबड्यांना दाणे टाकले, परत आलो. वाक्य तिथेच आहे.

जानेवारीतला मंगळवार होता, दुपार. मी ढोलाचं खोड कोरत होतो. पांढऱ्या टोपीचा एक माणूस अंगणात आला. चांगला इस्त्रीचा सदरा, बोलणं गोड.

‘तेओफिलो काका, बसू का?’

‘बसा. ओंडका आहे, खुर्ची नाही.’

‘छान कोरता हो. तुमच्या लोकांच्या रीती मला फार आवडतात. नऊ रात्री गाणं झालं की गेलेला माणूस निवतो म्हणे. घरचेही निवतात.’

‘माणूस मेला असेल तर.’

‘तेच म्हणतो मी. मग उरकून टाका ना. सगळ्यांनाच निवांत होईल.’

आणि त्याने ढोलाच्या काठावर एक फोटो ठेवला. तू युनिसेला शाळेतून घेऊन निघाली होतीस. तिच्या डोक्यावर तू हिरवी छत्री धरली होतीस आणि तुझा अर्धा खांदा भिजत होता. ती छत्री मी पाठवलेली.

‘लेक राजधानीत एकटीच असते ना?’ म्हणाला. ‘फार धावपळ करते. अगदी भावासारखी.’

मी विचारलं, ‘माझा मुलगा कुठे आहे?’

‘मी काय सांगू, काका? मी तर तुमच्या रीतींबद्दल बोलतोय.’

फोटो खिशात घालून, ढोलावर एक टिचकी मारून तो गेला. आवाज चांगला येतो म्हणाला.

मी त्याला दुसऱ्यांदा विचारलं नाही, देल्मी. तेच मला खातंय. एकदाच विचारलं. दोन लेकरांतलं एक कुठे आहे ते विचारत बसलो असतो तर दुसऱ्याचं काय झालं असतं, हाच हिशोब करत बसलो.

त्याच संध्याकाळी सिल्वेरियाकडे गेलो आणि स्वप्न सांगितलं. घरून जाताना रस्त्यात रचलं. ओला होता, तहानलेला होता, हे सगळं मी नारळाच्या झाडांमधून चालताना ठरवलं. तिने मला पुरतं बोलूही दिलं नाही. फडक्याने डोळे पुसले आणि कसावाचे कंद किसायला बायका गोळा केल्या. आपल्यात गेलेल्याच्या नावाने खोटं बोलणारा मी पहिलाच असेन. बोटीचं, जाळ्याचं, बायकोचं खोटं सगळेच बोलतात. हे कुणी बोलत नाही. म्हणून तर कुणाला शंकाही आली नाही.

पेटी महोगनीची केली. माप घ्यावं लागलं नाही, शेजारी उभा राहिला की त्याची हनुवटी माझ्या डोक्यावर टेकायची. झाकणाला खिळे मात्र ठोकले नाहीत. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याचा हात कापतोय. सिल्वेरिया म्हणाली, ‘आण ती हातोडी, मी ठोकते.’ दिली नाही. दोरीने बांधली आणि तशीच वाळूत पुरली. त्या गर्दीत फोटो कुणी काढला ते मी पाहिलंसुद्धा नाही.

आता सांग, मी काय करायला हवं होतं? खरंच सांग. माझी बुद्धी चार इयत्तांची, तीही रेडिओवरच्या शाळेची.

जाळ हे पत्र.

बाबा

१३ एप्रिल

देल्मी,

परवा अमिल्कार येऊन गेला. तू दिलेला छापील कागद आणला होता, आयोगापुढे शपथेवर सांगायचा. वर तुझ्या अक्षरात पेन्सिलीने दोनच वाक्यं: ‘खरं लिहा. नाव झाकून ठेवता येतं.’ नाव घालून पत्र नाही, खाली सही नाही. म्हणजे तू मागचं पत्र जाळण्याआधी नीट वाचलंस. तो कागद मी सदऱ्याच्या खिशात ठेवलाय. पेन्सिलीचं अक्षर घामाने पुसट व्हायला लागलं म्हणून आता डब्यात ठेवला.

मी अमिल्कारला म्हटलं, ‘गावाला खोटं स्वप्न सांगून साहेबांना खरं सांगू?’

‘काका, आयोगाला तुमचं गाव दिसत नाही. कागद दिसतो.’

‘मला गाव दिसतं,’ म्हटलं.

काल आपल्या पूर्वजांचा किनाऱ्याला लागण्याचा दिवस होता. दरवर्षीप्रमाणे सकाळी होड्या समुद्रात गेल्या, कसावाची रोपं, केळीची पानं घेऊन. पहिल्या होडीत पुढे उभा राहायचा मान आर्सेनिओचा, गावाच्या जमीन-समितीचा अध्यक्ष म्हणून. यंदा ती जागा रिकामी ठेवायची असं ठरलं होतं. होडी मीच वल्हवत होतो. किनाऱ्यावर ढोल वाजत होते, बायका गुडघाभर पाण्यात उतरून गात होत्या, आणि माझ्यापुढे ती हातभर रिकामी जागा. होडी वाळूला लागली.

मी होडीतच उभा राहिलो आणि म्हणालो, ‘ढोल थांबवा.’

थांबवले. आणि मी सांगितलं. पांढरी टोपी, फोटो, छत्री, सगळं. शेवटी म्हणालो की स्वप्न पडलंच नव्हतं, आर्सेनिओ माझ्याकडे आला नाही, त्याने काही मागितलं नाही.

सिल्वेरिया पाण्यातून चालत होडीपाशी आली. वाटलं, आता मारते. मारलंच. ओल्या हाताने, कानाखाली.

‘मेल्या, नऊ रात्री घसा फोडून गायले मी! तुझ्या खोट्यापायी?’

‘हो, ताई.’

‘आणि मी त्याच्यासाठी केलेलं जेवण? त्याच्या आवडीचं?’

‘आपणच खाल्लं, ताई.’

ती होडीचा काठ धरून उभी राहिली. मग एकदम हळू आवाजात विचारलं, लहान मुलीसारखं:

‘म्हणजे तेओ, त्याला तहान लागलेली नाही?’

‘ठाऊक नाही मला.’

‘तो ओला नाही? त्याला थंडी वाजत नाही?’

‘ठाऊक नाही, ताई. आपल्याला काहीच ठाऊक नाही.’

तिने डोक्याचं काळं फडकं सोडलं आणि समुद्रात टाकलं. जानेवारीपासून एक दिवसही तिने ते काढलं नव्हतं. मग मागे वळून ओरडली, बसलेल्या घशाने, ‘काय बघता? ज्यांच्या डोक्यावर काळं आहे त्यांनी काढा! आपल्या पोराला आपण मारलेलं नाही!’

बायकांनी काढली. सगळ्यांनी नाही. काहीजणी माझ्याकडे न बघता घरी गेल्या, आणि आज सकाळी दोन घरांतून माझ्या नमस्काराला उत्तर आलं नाही. ते मी धरून चाललो आहे.

मोदेस्ता मात्र होडीपाशीच थांबली. म्हणाली, ‘दादा, तो टोपीवाला माझ्याकडेही आला होता. नारळाचे दोन पाव घेतले. विचारलं, तेओफिलो काकांकडे नवव्या दिवशी गर्दी किती वाजता होते? मला वाटलं, दर्शनाला यायचंय. मी मेली त्याला वेळ सांगितली. वर एक पाव जास्त दिला!’

तिच्यामागून आणखी तिघं बोलले. प्रत्येकाला वाटत होतं, तो फक्त आपल्याकडेच आला.

बाबा

२० एप्रिल

माझ्या देल्मी,

सोबतचा गठ्ठा नीट सांभाळ. मोदेस्ताने पावाखाली दडवून आणलाय, चिकटपणा दिसला तर तो लोण्याचा. पाच कागद आहेत. एक मोदेस्ताचा, तीन त्या तिघांचे, चर्चच्या फादरांनी लिहून घेतलेले. पाचवा माझा. माझा मीच लिहिला, सहा दिवस लागले. चुका असतील, त्या दुरुस्त करू नकोस. आयोगातल्या लोकांना कळू दे की म्हाताऱ्याने स्वतः लिहिलंय.

पेटी आम्ही उकरून काढली. दिवसाढवळ्या, सगळ्यांच्या देखत, आणि ह्या वेळी फोटो आम्हीच काढले. तेही गठ्ठ्यात आहेत. एकात झाकण उघडं आहे आणि आत नुसती वाळू. पेटी ओट्यावर आणून ठेवली तर सिल्वेरियाने दुसऱ्याच दिवशी तिच्यात कसावाच्या भाकऱ्या रचल्या. मी ओरडलो. म्हणाली, ‘एवढं चांगलं लाकूड. मुंग्या लागत नाहीत, तुझं काय जातं?’ आता शेजारणी भाकरी मागायला आल्या की म्हणतात, ‘तेओफिलोदादा, पेटीतली द्या हं.’ हसावं की रडावं कळत नाही, आम्ही दोन्ही करतो.

एक गोष्ट लपवणार होतो. लपवून काय झालं ते बघितलंच आहे, म्हणून लिहितो. बुधवारी पहाटे होडीकडे गेलो तर तळाला कुऱ्हाडीचे तीन घाव होते. शेजारी वाळूत हिरव्या कापडाचा तुकडा, छत्रीच्या कापडासारखा. तुझी छत्री धड आहे का ते आधी पाहा. नसेल तर युनिसेला घेऊन त्याच दिवशी रोसिबेलकडे राहायला जा, शाळा बुडली तरी बुडू दे.

होडी मी दुरुस्त केली. लाकूड कुठून आणणार? पेटीचं झाकण होतं. ते कापून तळाला बसवलं आणि त्याला खिळे ठोकले, एकूण एक, डोकं आत जाईपर्यंत. सिल्वेरिया बघत होती. म्हणाली, ‘आता कसा हात कापत नाही?’ त्या पेटीला आता झाकण नाही. कुणी बंद करायची म्हटली तरी होणार नाही.

शुक्रवारपासून रोज सकाळी मी त्याच होडीतून खाडी ओलांडून वखारीसमोरच्या पाण्यात जाऊन थांबतो. गेटवरचा रखवालदार विचारतो, ‘आजोबा, मासे मिळतात का इथे?’ म्हणतो, ‘झडतीची वाट बघतोय.’ पहिल्या दिवशी मी एकटा होतो. आज सात होड्या होत्या. झडती होईपर्यंत आम्ही जाणार आहोत. तिथे काय सापडेल ह्याचा विचार मी होडीत करत नाही, घरी आल्यावर करतो, आणि तो लिहिण्यासारखा नाही. कधी वाटतं, तो आतल्या भिंतीशी बसून गावातले ढोल ऐकत असेल. कधी वाटतं, मी रचलेलं स्वप्नच खरं होतं आणि त्याला खरंच तहान लागली होती. तेव्हा मी खाडीचं पाणी ओंजळीत घेतो आणि सोडतो, एवढंच.

आता नावाचं. अमिल्कार म्हणतो, माझं नाव झाकता येईल, ‘साक्षीदार क्रमांक एक’ लिहिता येईल. झाकू नका. आर्सेनिओचं नाव त्यांनी त्या फोटोखाली पुरतं छापलंय, मग ते खोटं म्हणणाऱ्याचंही पुरतं असू दे. तेओफिलो नोरालेस, वय चौऱ्याहत्तर, सुतार, मुक्काम ला बोकिता.

पण माझी एक अट आहे.

अमिल्कार जेवताना बोलून गेला की आयोगाच्या आदेशात ज्यांचं संरक्षण करायचं त्यांची एक यादी असते. आर्सेनिओचं नाव आहे. समितीतल्या सहाजणांची आहेत. तुझं नाही. त्याने तीनदा घालायला सांगितलं आणि तू तीनदा म्हणालीस, मी फिर्याद लिहिणारी आहे, फिर्यादीतली नाही. अगं, लिहिणारीचाच तर फोटो त्याने माझ्या ढोलावर ठेवला होता! गावाने मला विचारलं, पोरीचं नाव यादीत आहे ना? मला ‘नाही’ म्हणावं लागलं.

म्हणून माझा कागद मी तुझ्या हातात देतोय खरा, पण तुझं आणि युनिसेचं नाव त्या यादीत चढेपर्यंत तो दाखल करायचा नाही. ही सक्ती आहे, मला माहीत आहे. सहा मे जवळ आली आहे आणि मी तुझ्यापुढे आडवा पडलोय. एका लेकराला वाचवायला मी दुसऱ्याला पुरलं. आता एकाला शोधायला दुसरं उघड्यावर सोडणार नाही. दोघांची नावं एकाच कागदावर बघू दे मला. आणि मी जाळ म्हटलेलं पत्र जाळलं नसशील तर तेही गठ्ठ्यात घाल. तू जाळलं नसशील. तू पावसुद्धा टाकून देत नाहीस.

गुडघ्याला तेल लाव. रोसिबेलच्या बाळाला माझ्याकडून एक पापा.

मोदेस्ता शुक्रवारी संध्याकाळच्या बसने परत निघते, तेवढ्यात तिच्या हाती चिठ्ठी दे. मोठी नको, तुला वेळ नसतो. दोन ओळी पुरेत. एका ओळीत लिही की नावं चढवली. दुसरीत तुला माझ्यावर जे काही ओरडायचं असेल ते लिही, पण लिही. मी बसथांब्यावर उभा असेन.

तुझे बाबा